तिघांपुरता सौना

मैत्रिणींनो, परदेशी लेकीकडे निघालेली आई सोबत काय काय नेते, ते मी तुम्हाला सांगायला नको. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, कांदा-लसूण मसाला, आणि वर "आई, एवढं कशाला आणलंस?" हे ऐकून घ्यायची तयारी. मीही हे सगळं नेलं. फिनलंडहून आल्यावर आमच्या गल्लीतल्या सगळ्याजणी मला तिथल्या थंडीबद्दल विचारतात. माझ्याजवळ मात्र सांगायला गोष्ट आहे ती उकाड्याची! एका लहानशा लाकडी खोलीची. ती खोली केवढी असावी, यावरून माझ्या लेकीच्या घरात जे घडलं ते तुम्हाला सांगावं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

लेक-जावई राहतात टँपेरे या गावी. हेलसिंकीहून आगगाडीनं दीड-दोन तासांचा रस्ता. उत्तरेला एक मोठं तळं, दक्षिणेला दुसरं. वरच्या तळ्यातलं पाणी गावाच्या मधोमध धबाबा उतरत खालच्या तळ्यात जातं. त्या उताराच्या पाण्यावरच इथल्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८२० साली फिनलेसन नावाच्या स्कॉटिश माणसानं इथं कारखाना काढला आणि पुढं त्याची मोठी कापडगिरणी झाली. लाल विटांच्या त्या इमारती अजून उभ्या आहेत. आत आता खाणावळी, सिनेमा आणि म्युझियम आहे. आम्ही इचलकरंजीची माणसं. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि या गावाला फिनलंडचं मँचेस्टर! गिरणीचं धुराडं दिसलं आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की जून महिन्यात तिथं रात्रीचे अकरा वाजले तरी सूर्य मावळायचं नाव घेत नाही. पडदे ओढून झोपायचं, म्हणजे दिवसाढवळ्या चोरून झोपल्यासारखं वाटतं.

लेकीचं घर म्हणजे एकाला एक लागून सहा बैठी घरं आहेत, त्यातलं तिसरं. आपल्या चाळीसारखंच, पण पुढं-मागं थोडी हिरवळ. १९८०च्या सुमाराचं बांधकाम. न्हाणीघराच्या आत आणखी एक दार होतं. उघडून पाहिलं तर लाकडी भिंतींची चिमुकली खोली. पायरीसारखे दोन बाक, एक खाली, एक वर. कोपऱ्यात लोखंडी पेटीत रचलेले काळे दगड. मला वाटलं, कोठीची खोली असेल. छान कोरडी आहे म्हणून मी माझे ओले परकर-पोलकी त्या दगडांच्या पेटीभोवतीच्या कठड्यावर वाळत घातली!

संध्याकाळी लेक किंचाळलीच. "आई, अगं हा सौना आहे! चुकून कोणी सुरू केला असता तर घर पेटलं असतं." मग कळलं, की तिथं घरांना आगी लागायचं हे एक नेहमीचं कारण आहे. सौनात कपडे वाळत घालायचे नाहीत, पेट्या-बोचकी ठेवायची नाहीत, असं तिथली अग्निशमनवाली मंडळी पुन्हा पुन्हा बजावत असतात. मी मुकाट्यानं परकर गोळा केले.

या देशाची लोकसंख्या ५५-५६ लाख आणि सौने सुमारे ३० लाख, असा तिथला अंदाज सांगतात. म्हणजे घरटी एक म्हणा ना. आपण 'सॉना' म्हणतो, ते त्यांना आवडत नाही. 'सौना' म्हणायचं, 'स'नंतरचा 'औ' तोंडभर. २०२० साली युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेला आपल्या वारशाच्या यादीत जागा दिली. कोपऱ्यातल्या दगडांच्या चुलीला 'किउआस' म्हणतात. ती विजेवर नाहीतर लाकडांवर तापवायची. दगड चांगले तापले, की लाकडी बादलीतलं पाणी पळीनं त्यांच्यावर टाकायचं. चर्र आवाज होतो आणि वाफ वर उठून छताला लागून आपल्या खांद्यांवर उतरते. त्या वाफेला त्यांच्यात वेगळं नाव आहे, 'ल्योल्यू'. माझी जीभ काही ते बोलायला वळली नाही. मी आपली 'वाफ'च म्हणायची.

आता मुद्द्याकडे येते. लेकीच्या घरातला सौना जुना झाला होता. बाकांच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, चूलही बदलायला झाली होती. तेव्हा नवा करायचाच, तर मोठा करावा असं जावयांच्या मनानं घेतलं होतं. सौनाला लागून एक छोटी खोली आहे. माझा मुक्काम त्याच खोलीत होता. मधली भिंत पाडायची, दोन्ही मिळून एक मोठा सौना करायचा आणि पुढं अख्खी काचेची भिंत लावायची. आठ माणसं आरामात बसतील! टेप घेऊन त्यांची मापं चालली होती. "आई, पुढच्या खेपेला तुम्ही हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपाल ना? पण मग बघा, सगळे एकत्र बसू."

मी काय बोलणार? जावयाचं घर. लेकही काही बोलत नव्हती. ती पोळ्या लाटत होती आणि लाटणं जरा जोरात फिरत होतं. आईला लाटण्याचा आवाज कळतो, मैत्रिणींनो. पण विचारलं तर म्हणाली, "कुठं काय, काही नाही."

पलीकडच्या घरात एक ऐंशी ओलांडलेल्या आजी राहतात. लेक त्यांना 'मुम्मो' म्हणते. फिन्निश भाषेत मुम्मो म्हणजे आजीच. त्या ताठ चालतात, मोजकं बोलतात, आणि वेलदोडा घातलेला पुल्ला नावाचा गोड पाव फार सुंदर करतात. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. त्यामुळं आमचं चांगलं जमलं. एकदा कॉफी पिताना मी त्यांना सौना मोठा करायचा बेत सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मोठा सौना बघायचाय? चल, दाखवते."

बसनं आम्ही पिस्पाला भागात गेलो. दोन्ही तळ्यांच्या मधे एक उंच डोंगरकणा आहे. त्याच्या उतारावर रंगीबेरंगी लाकडी घरं, एकमेकांच्या खांद्यावरून पाणी बघत उभी असल्यासारखी. पूर्वी ही गिरणीकामगारांची वस्ती. तिथं रायापोर्त्ती नावाचा सार्वजनिक सौना आहे, १९०६ सालचा. आजही चालू असलेल्या सार्वजनिक सौनांत देशात सगळ्यात जुना तोच. गिरणीत दिवसभर राबलेली माणसं इथं अंग धुवायला येत. घरात न्हाणीघर कुणाच्या होतं?

बायकांची बाजू वेगळी. पण आत गेल्यावर माझी जी काही तारांबळ उडाली! तिथं सौनात कपडे घालून कोणी बसत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. मी बॅगेतून एक मऊ जुनेर नेलं होतं. ते अंगाभोवती घट्ट गुंडाळून मी खालच्या पायरीवर बसले. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. विशीच्या पोरी, पोट सुटलेल्या बायका, पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. बोलणं हळू आवाजात. सौनात देवळात वागतो तसं वागायचं, अशी त्यांची रीतच आहे. लाकडांवर तापवलेल्या भल्यामोठ्या दगडांच्या ढिगावर कोणी पाणी टाकलं की मऊशी वाफ यायची. एकीनं पानांसकट बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी करून आणली होती. तिनं ती पाठीवर झोडपून घ्यायची. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद. वास असा, की पहिल्या पावसानंतरचं रान आठवावं.

मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, तरी मी आठ-दहा मिनिटांतच बाहेर आले. बाहेर अंगणात टॉवेल गुंडाळून सगळे निवांत बसलेले. मुम्मोनं मला पाणी दिलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म खेड्यातला, आणि तोही सौनातलाच. पूर्वी खेड्यापाड्यांतल्या बायका बाळंतपणाला सौनात जात. कोमट, स्वच्छ, गरम पाण्याची सोय असलेली, गडबडीपासून दूर अशी ती जागा. माणूस गेलं, की शेवटची आंघोळही तिथंच घालत. मला आमच्या आजीच्या घरची बाळंतिणीची खोली आठवली. तांब्याचा बंब, शेकशेगडी, ओवा-शेपांची धुरी. मी मुम्मोला ते हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यांना सगळं समजलं.

मग त्या म्हणाल्या, "हा सौना मोठा आहे, कारण तो गावाचा आहे. एवढी माणसं येतात म्हणून एवढा विस्तव परवडतो. घरचा सौना घरच्या माणसांएवढा असावा. तुझ्या जावयाला विचार, गेल्या दहा शनिवारी आत कोण कोण बसलं?"

शनिवारी संध्याकाळी सौना हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. आपल्याकडे जसं दिवाळीचं अभ्यंगस्नान, तसं त्यांचं दर आठवड्याचं!

घरी परतल्यावर मुम्मोनं मला त्या चिमुकल्या खोलीत नेऊन हिशेब समजावला. मी तो वहीत लिहून घेतला, तो असा. बाकावर एका माणसाला ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट जागा लागते. लेकीच्या सौनाची रुंदी १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांना थोडी कमी. झाली तिघांची सोय. कोणाला आडवं व्हायचं असेल तर बाक दोन मीटरच्या आसपास हवा. बुटक्या माणसांचं पाय दुमडून यातही भागतं. वरच्या बाकाची खोली ६० सेंटिमीटर असावी, म्हणजे पाठ टेकून बसता येतं. वरचा बाक आणि छत यांत साडेतीन फुटांच्या आसपास अंतर हवं. फार ठेवलं तर वाफ डोक्यावरून निघून जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसल्यावर आपले पाय दगडांच्या वरच्या पातळीला किंवा त्याहून उंच यायला हवेत. गरम हवा वर जाते आणि खाली गारवा राहतो. बाक ठेंगणा असला तर डोकं भाजतं आणि पाय गारठतात. म्हणून खोली लांब-रुंद करण्यापेक्षा बाकाची उंची नीट साधणं जास्त मोलाचं.

आता विजेचं गणित. साधारण एक घनमीटर जागेला एक किलोवॉटची चूल धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, १.८ गुणिले १.६ गुणिले २.२, म्हणजे सहा घनमीटरांच्या वर थोडं. सहा किलोवॉटची चूल पुरते. जावयांच्या बेतातला सौना २.६ गुणिले २.४ गुणिले २.२, म्हणजे जवळजवळ १४ घनमीटर. त्यात काचेची भिंत! काच उष्णता ओढून घेते. म्हणून काचेच्या दर चौरस मीटरला आणखी सव्वा-दीड घनमीटर जागा धरायची. विटांची उघडी भिंत असली तरी तेच. चार चौरस मीटर काच धरली, की हिशेब १९ च्या घरात जातो. चूल तिप्पट, वीज तिप्पट. शिवाय जाड केबल आली, मोठे फ्यूज आले, तापायला वेळ जास्त. "आणि मग," मुम्मो म्हणाल्या, "दोघांसाठी एवढं कशाला तापवायचं, असं म्हणत माणसं सौना लावायचंच सोडतात. पुढं त्याची अडगळीची खोली होते."

उलटी चूकही करू नये बरं का! लहान खोलीत मोठी चूल बसवली, तर हवा झटकन तापते, चूल आपोआप बंद होते आणि दगड मात्र आतून कोमटच राहतात. त्यावर टाकलेल्या पाण्याची वाफ ओली, जड होते. भाकरीचा तवा नीट तापला नसला तर भाकरीचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. तसंच हे.

हे सगळं मी वहीत लिहिलं खरं, पण जावयांना दाखवायचा धीर झाला नाही. वही उशाखाली ठेवून दिली.

शनिवार आला. जावई काही कामासाठी बाहेरगावी गेले होते. लेक म्हणाली, "आई, आपण दोघी बसूया का?" मी पुन्हा जुनेर नेसले. ती हसली. आत मिणमिणता दिवा. काटा सत्तर अंशांवर. एकाच बाकावर आम्ही दोघी, ती वर पाय घेऊन, मी जरा दाराकडे. दोघींची तोंडं चुलीकडे. लग्नानंतर इतक्या जवळ, काहीही काम हातात नसताना, आम्ही दोघी बसलो नव्हतो. स्वयंपाकघरात आम्ही सारख्या बोलतो, पण तिथं निवडायला मेथी असते, कुकरच्या शिट्ट्या असतात. फोनवर "जेवलीस का" आणि "थंडी किती आहे" यापलीकडे गाडी जात नाही.

तिनं पळीभर पाणी टाकलं. वाफ आली आणि गेली. मग ती दगडांकडे बघतच म्हणाली, "आई, फेब्रुवारीत माझी नोकरी गेली."

मला काही सुचेना. कारण मी आल्यापासून ही पोरगी रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर पडत होती. तो डबा मी भरत होते! "मग तू रोज जातेस कुठं?"

"वाचनालयात. तिथून अर्ज करते. भत्ता मिळतो, पण तो पगाराएवढा थोडाच? आमच्या विभागातल्या बऱ्याच जणांना कमी केलं. तू तीन महिन्यांसाठी एवढ्या हौसेनं आलीस. म्हटलं, कशाला सांगायचं?" मग थोड्या वेळानं, "आणि ह्यांनी हे सौनाचं काढलंय. कर्ज काढावं लागेल. मी नको म्हटलं तर त्यांना वाटेल, नोकरी गेल्यापासून मी सगळ्यातच हात आखडते. म्हणून गप्प बसते."

मैत्रिणींनो, खरं सांगते. हेच तिनं मला हॉलमध्ये सांगितलं असतं, तर मी ताडकन म्हटलं असतं, "मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे?" आणि मग तिनं डोळे पुसले असते, मी डोळे पुसले असते, आणि बोलणं तिथंच संपलं असतं. पण त्या उकाड्यात ओरडायला दमच नसतो. मी पळी घेतली आणि अंदाजानं पाणी टाकलं. जरा जास्तच पडलं. दोघींना इतकी झळ बसली, की आम्ही खाली वाकलो आणि एकदम हसू लागलो. हसता हसता ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या लहानपणी बंबातलं पाणी विसणून, उटणं लावून मी जी पाठ चोळायची, तीच ती पाठ.

त्या रात्री उजेडातच आम्ही मागच्या पायरीवर दही-भात खात बसलो होतो. मी तिला एवढंच म्हटलं, "उद्यापासून डबा नको. घरी जेव, आणि मग जा वाचनालयात."

जावई परत आले. पुढच्या शनिवारी सकाळी टेप घेऊन पुन्हा भिंतीपाशी उभे. त्या सहा घरांची मिळून एक सोसायटी आहे. तिची परवानगी घेतल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. त्याचा अर्ज लिहायचा होता. मी चहा घेऊन गेले आणि मुम्मोचा प्रश्न विचारला. "जावईबापू, गेल्या दहा शनिवारी आत कोण कोण बसलं?"

ते मोजू लागले. "मी... ही... एकदा माझा ऑफिसातला मित्र... हं, परवा तुम्ही." बोटं संपली नाहीतच. मग टेप गुंडाळत हळूच म्हणाले, "आई, तुम्हाला माहीत नसेल. हिची नोकरी गेलीय. मोठा सौना करायचं आम्ही दोघांनी गेल्या वर्षीच ठरवलं होतं. आता मीच मागं घेतलं, तर हिला वाटेल माझ्यामुळं राहिलं. म्हणून मी रेटतोय."

घ्या! ती गप्प त्यांच्यासाठी, आणि हे भिंत पाडायला निघालेले तिच्यासाठी. दोघंही एकमेकांना जपत होते आणि मधे कर्ज वाढत होतं. क्षणभर वाटलं, दोघांना समोर बसवून चांगली कानउघाडणी करावी. पण सासूनं कुठं थांबावं, हे वयानं शिकवलंय. मी वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे मला सांगू नका. आज शनिवार आहे. तिला सांगा."

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, चल ना, तिघांची जागा आहे." जागा होती. तरी मी म्हटलं, "मला थालीपिठं लावायचीत." भाजणी मळत मी स्वयंपाकघरात उभी होते. भिंतीपलीकडून पाण्याचा चर्र आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग बोलण्याची गुणगुण. ती दोघं मधे गार व्हायला मागच्या पायरीवर येऊन बसली, पुन्हा आत गेली, पुन्हा आली. शेवटचं थालीपीठ तव्यावर असताना दोघं लालबुंद चेहऱ्यांनी जेवायला बसली. कोणी काही बोललं नाही. जावयांनी चार थालीपिठं खाल्ली. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा अर्ज लिहिला गेला, पण त्यात भिंत पाडायचं कलम नव्हतं. फक्त बाक आणि चूल बदलायची होती.

सप्टेंबरात नवा सौना झाला, जुन्याच मापाचा. बाक आस्पेनच्या लाकडाचे केले. त्यातून चीक गळत नाही आणि अंगाला चटका कमी बसतो. चूल सहा किलोवॉटची. काच फक्त दारापुरती.

आपल्या गावच्या मे महिन्यात घरात सौना करायची कल्पनासुद्धा कुणाला सुचणार नाही, हे मला कळतं. पण हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं थंड मुलखांत घरं घेतात. तुमच्या लेकीनं किंवा सुनेनं कधी विचारलं, तर हे सांगा. दर शनिवारी जेवढी माणसं बसतील तेवढ्यांना दोन-दोन फूट मोजायचे आणि फार तर एकाची जागा वर ठेवायची. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी गावचा सौना असतो. पाय दगडांच्या वर यावेत. काच मोजकी असावी. दार बाहेर उघडणारं आणि आतून कडी नसलेलं हवं, म्हणजे चक्कर आली तरी ढकलून बाहेर पडता येतं. चुलीभोवती कठडा आणि भिंतीपासून सांगितलेलं अंतर सोडायचंच. ताजी हवा आत यायला आणि जुनी बाहेर जायला वाट हवी. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये. आणि परकर वाळत घालू नयेत!

इचलकरंजीला परत आल्यावर मी आमच्या हॉलकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. घर बांधताना मीच हट्टानं तो मोठा करून घेतला होता, वीस माणसं बसतील म्हणून. स्वयंपाकघर मात्र एवढंसं, दोघींना एकमेकींच्या बाजूनं जाता येत नाही. गेल्या दहा रविवारी त्या हॉलमध्ये कोण कोण बसलं, ते मी मोजलं. आकडा तुम्हाला सांगत नाही. तुम्ही तुमचा मोजा.

लेकीला आता अर्धवेळ काम मिळालं आहे. पूर्णवेळाचं अजून शोधते. ती छोटी खोली तशीच आहे, माझी चादर तिथल्या कपाटात घडी करून ठेवलेली आहे. पूर्वी शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला मी तिला फोन करायची. आता त्या वेळी करत नाही. तिकडं संध्याकाळ असते, आणि ती दोघं आत असतात.